चांगदेवांची मुदतवाढ

चौदाशे वर्षं जगून चांगदेवांना एका पत्राचा मायना सुचला नाही. ही गोष्ट आपल्याला लहानपणी ज्ञानदेवांची थोरवी कळावी म्हणून सांगतात, त्यामुळे चांगदेवांच्या बाजूने तिचा विचार करायचा राहूनच जातो. पैठणला रेड्याने वेद म्हटल्याचं त्यांच्या कानावर आलं, पत्र लिहावंसं वाटलं, कागद पुढ्यात घेऊन बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. ‘चिरंजीव’ लिहावं तर समोरचा ज्ञानाने मोठा, ‘तीर्थरूप’ लिहावं तर वयाने पोरगेला. शेवटी कोराच कागद शिष्याच्या हाती देऊन पाठवला. तो पाहून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! मुक्ताईचं वय तेव्हा परकर-पोलक्याचं, पण बोलण्यात भीडभाड नाही.

त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं. ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून ते आजही छापलं आणि वाचलं जातं. न लिहिलेल्या पत्राला इतकं सविस्तर उत्तर मराठीत दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. लिहिलेल्या पत्रांना संपादकांकडून काय मिळतं, ते आम्हाला ठाऊक आहे.

आता जरा बेरीज करू. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चौघांची आयुष्यं एकत्र केली तरी शंभर वर्षं भरत नाहीत. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा ते २१ वर्षांचे होते. एवढ्यात त्यांचं सगळं लिहून, सांगून, भिंत चालवून झालं होतं. इकडे चांगदेव चौदाव्या शंभरीत मायन्यावर अडलेले.

त्यांनी हे वय जमवलं कसं, तेही कथेत आहे. शंभर वर्षं भरत आली की ते प्राण ब्रह्मरंध्रात नेऊन ठेवत आणि समाधी लावत. काळ यायचा, इकडेतिकडे पाहायचा आणि हात हलवत परत जायचा. तो गेला की यांची पुढची शंभर वर्षं सुरू. म्हणजे नीट पाहिलं तर चांगदेव अमर नव्हतेच. सरकारी पुलाचा कंत्राटदार घेतो तशी त्यांनी दर वेळी मुदतवाढ घेतली. अमरत्व या विषयावर जगभर पुष्कळ लोक पुष्कळ बोलले आहेत, पण व्यवहार कळला तो या एका माणसाला, असं माझं मत आहे. अनंतकाळ मागितला की देव दचकतात, अटी घालतात. मुदतवाढ मात्र चालून जाते.

ज्ञानदेवांच्या काळापासून चौदाशे वर्षं मागे गेलं की आपण इसवी सनापूर्वीच्या शंभरएक वर्षांत पोचतो. म्हणजे चांगदेवांचा जन्म सातवाहनांच्या राज्यातला. नाणेघाटात नागनिकेचा लेख कोरला गेला तेव्हा ते त्या वाटेने गेले असतील आणि तिथल्या दगडी रांजणात जकातीचं नाणं टाकून घाट उतरले असतील. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाने वेरूळला कैलास खोदायला घेतलं तेव्हा ‘काम चालू, रस्ता बंद’ म्हणून त्यांना वळसाही पडला असेल. सातवाहन गेले, वाकाटक गेले, चालुक्य आणि राष्ट्रकूट गेले, यादव आले. चांगदेव आहेत आणि जकात आहे. पुढे चांगदेवही गेले. दोघांत कोण चिवट निघालं, हे मुंबई-पुणे रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको.

भाषेचे हाल तर विचारू नका. त्यांचं बालपण महाराष्ट्री प्राकृतात गेलं आणि तिची त्यांच्या डोळ्यांदेखत मराठी झाली. ‘आजकालच्या पोरांना धड प्राकृत बोलता येत नाही’ हे त्यांनी काही शतकं तरी ऐकवलं असणार. कुणी मनावर घेतलं नाही. उलट १२९० साली त्या बिघडलेल्या भाषेत ज्ञानेश्वरी लिहून झाली. मला वाटतं, मायना अडण्याचं खरं कारण इथे कुठेतरी असावं. माणसाने मायना लिहायचा तरी कुठल्या शतकातला?

बाकी आपल्याकडे मान्यताप्राप्त चिरंजीव सात. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम. यादी भारदस्त आहे, पण यातलं कुणी अमर होऊन सुखात आहे असं दिसत नाही. व्यासांनी एवढं महाभारत रचलं, आता त्यावरच्या मालिका पाहणं नशिबी आलं. परशुरामांनी समुद्र हटवून कोकण काढलं, आता तिथले गुंठ्याचे भाव ऐकत बसलेत. बळीराजाला वर्षाकाठी एक पाडवा. मारुतीचं त्यातल्या त्यात बरं म्हणावं, तर जिथे रामकथा तिथे तो हजर असतो अशी श्रद्धा असल्याने कथेच्या जागी त्याच्यासाठी पाट मांडून ठेवतात. बुवा कसाही असो, पेटीवाला कुठल्याही पट्टीत वाजवत असो, याला उठून जायची सोय नाही. बिभीषण आणि कृपाचार्य काय करतात, याची कुणी चौकशीच करत नाही. अमर होऊनही विस्मरणात जाता येतं, हे या दोघांनी दाखवून दिलं.

अश्वत्थाम्याची गोष्ट मात्र खरोखर वाईट. कपाळावरचा मणी काढून घेतल्याची जखम भरत नाही, म्हणून तो दारोदार तेल मागत फिरतो असं आपण ऐकत आलो. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात अस्तंभ्याचं शिखर आहे. दिवाळीत तिथे यात्रा असते आणि अवघड वाट चढून लोक त्याच्या दर्शनाला जातात. पण सौप्तिक पर्व उघडून पाहिलं तर कृष्णाने दिलेला शाप तीन हजार वर्षांचा आहे. मुदतीची शिक्षा. परंपरेने कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ हा धरला, तर भारतीय युद्ध त्याच्याही आधीचं. म्हणजे चांगदेव जन्माला येण्याच्या सुमारास अश्वत्थाम्याची शिक्षा भोगून संपली. गेली दोन हजार वर्षं तो मोकळा माणूस आहे, फक्त त्याला कुणी कळवलेलं नाही. सुटकेचा कागद कुठल्या टेबलावर, कुठल्या शेऱ्यासाठी थांबलाय देव जाणे. आपला कारभार ज्याने जवळून पाहिलाय, त्याला यात अशक्य असं काही वाटणार नाही.

तरीही, स्वतः अमर व्हायला माझी व्यक्तिशः हरकत नाही. कुणाचीच नसते. घोटाळा होतो तो दुसरा अमर झाला की.

ययातीचंच घ्या. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आलं, तेव्हा त्याने पाचही मुलांना बोलावलं आणि तुमचं तारुण्य मला द्या, माझं म्हातारपण तुम्ही घ्या, असा प्रस्ताव मांडला. चौघांनी नकार दिला आणि थोरल्या यदूचा राज्यावरचा हक्क त्यापायी गेला. धाकटा पुरू हो म्हणाला. घरातली नको असलेली कामं धाकट्याकडे जातात, हा नियम तेव्हापासूनचा असावा. ययातीने हजार वर्षं भोग घेतले, तरी मन भरेना, तेव्हा तारुण्य परत करून तो वनात गेला. वि. स. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं ते याच ययातीवर, आणि मराठीतलं ते पहिलं ज्ञानपीठ. पुरूला राज्य मिळालं, हे खरं. पण हजार वर्षं गुडघे दुखल्यावर.

ही जुनी गोष्ट झाली असं समजू नका. अमेरिकेत ब्रायन जॉन्सन नावाचे एक श्रीमंत उद्योजक वय मागे नेण्याच्या खटपटीत आहेत. त्यापायी ते वर्षाला वीसेक लाख डॉलर घालवतात असं सांगतात. दिवसाचं शेवटचं जेवण सकाळी अकराच्या सुमारास उरकतात, म्हणजे सदाशिव पेठेत दुसरा चहा होतो तोवर यांचं रात्रीचं जेवण आटोपलेलं. २०२३ साली त्यांनी आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःला चढवून घेतला. मग तपासण्या केल्या, काही उपयोग दिसला नाही असं जाहीर केलं आणि तो प्रयोग थांबवला. ययातीला जे उमगायला हजार वर्षं लागली ते विज्ञानाने काही महिन्यांत आणून दाखवलं, एवढी प्रगती मान्य करायला हवी.

दुसऱ्याच्या आयुष्याचं बिल आपल्याला येणं म्हणजे काय, हे फ्रान्समधल्या आर्ल गावच्या एका वकिलाइतकं कुणालाच कळलं नसेल. तिथे झान कालमां नावाची एक बाई होती, जन्म १८७५. तिच्या नव्वदीत, १९६५ साली, या आंद्रे-फ्रान्स्वा राफ्रे नावाच्या वकिलाने तिच्याशी तिकडे रूढ असलेला एक करार केला. बाई जिवंत असेपर्यंत वकिलाने तिला दरमहा अडीच हजार फ्रँक द्यायचे, आणि ती गेली की घर वकिलाचं. वकील सत्तेचाळीस वर्षांचा, बाई नव्वदीची, वर सिगारेट ओढणारी. असा सौदा पाहून आपल्याकडच्या कुठल्याही दलालाच्या तोंडाला पाणी सुटलं असतं. वकिलाने तीस वर्षं पैसे भरले आणि १९९५ मध्ये वकीलच वारला. घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त रक्कम तोवर गेली होती आणि घराचा उंबरा काही ओलांडायला मिळाला नव्हता. पुढचे हप्ते त्याच्या विधवेने भरले. बाई १९९७ मध्ये गेल्या, वय १२२ वर्षं आणि १६४ दिवस. नोंदींनिशी सिद्ध झालेलं याहून मोठं वय आजवर कुणाचं नाही. जगाने विक्रमाचं कौतुक केलं. वकिलीणबाईंना ते शेवटचे दिवस कसे गेले असतील, याचा विचार कुणी करत नाही.

आमच्या मुंबईत हा प्रयोग उलट्या बाजूने चालतो. इथे भाडेकरू जायची वाट घरमालक पाहत असतो. पण पागडीच्या खोलीत राहणारा भाडेकरू गेला तरी भाडेकरूपण जात नाही. ते त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्यांकडे जातं, आणि कायदा त्यांच्या पाठीशी उभा असतो. आजोबा, मुलगा, नातू, खोली तीच आणि भाडं जवळजवळ तेच. ज्या गोष्टीसाठी ऋषींनी वारुळं होईपर्यंत तप केलं, ती गिरगावात भाडेपावतीवर मिळते.

चांगदेव आज असते आणि केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले असते, तर काय झालं असतं याचा मी बराच विचार केला आहे. केंद्राच्या निवृत्तिवेतनात एक चांगली तरतूद आहे. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला सरळ १०० टक्के. त्यानंतर काही नाही. म्हणजे चांगदेवांना पहिल्या शंभर वर्षांत दुप्पट पेन्शन लागली असती आणि पुढची तेराशे वर्षं नुसत्या महागाईभत्त्यावर काढावी लागली असती. शंभरीच्या पुढे कुणी फार दिवस राहणार नाही, हा भरवसा सरकारने नियमातच लिहून ठेवलाय.

शिवाय दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. खिडकीवरचा संवाद मला ऐकू येतो.

“आजोबा, जन्मतारीख?”

“शालिवाहन शक सुरू व्हायच्या आधीची आहे.”

“तेवढं मागे कॉम्प्युटर जात नाही. एक जून टाकू?”

“टाका. मास्तरांनीही तीच टाकली होती.”

“अंगठा लावा. उमटत नाहीये. पुसा. परत लावा. रेषाच राहिल्या नाहीत तुमच्या बोटावर.”

“मग काय करायचं?”

“जिवंत असल्याचा दुसरा काही पुरावा?”

काळाला चौदा वेळा चुकवलेला माणूस या प्रश्नापुढे गप्प झाला असता. बाहेर शिष्य त्यांच्या स्वारीचा वाघ धरून उभे, पार्किंगवाला पावती फाडतोय.

घरात अमर माणूस असला तर सातबाऱ्याचं काय, हाही प्रश्न आहेच. आजोबा जात नाहीत म्हणून वारसनोंद नाही, वारसनोंद नाही म्हणून वाटणी नाही, आणि तीनशे वर्षांचा नातू अजून ‘मोठे बोलत असताना मध्ये बोलायचं नाही’ या वयाचा. भाऊबंदकी तशीही पिढ्यान्‌पिढ्या चालते म्हणा, पण आज निदान पिढ्या बदलतात. फिर्यादी तोच, आरोपी तोच आणि तारीख पुढची, असं झालं तर वकिलांखेरीज कुणाचं भलं होणार? जोनाथन स्विफ्टने हे १७२६ साली ओळखलं होतं. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये त्याने स्ट्रल्डब्रग नावाची मरण नसलेली माणसं दाखवली, आणि त्या देशाचा कायदा असा की ऐंशी वर्षं झाली की हा माणूस कागदोपत्री मेला. इस्टेट लगेच वारसांना, त्याला पोटापुरतं काहीतरी. दोघेही स्ट्रल्डब्रग असलेल्या जोडप्यातलं धाकटं माणूस ऐंशीचं झालं की लग्नही आपोआप मोडलं. या शेवटच्या कलमात जी करुणा आहे ती आमच्या पुराणांत मला कुठे दिसली नाही.

कारण आपल्याकडे सत्यवान आहे. वडाला सूत गुंडाळताना सात जन्मांचा हिशेब होतो, पण मूळ महाभारतात यमाने सावित्रीला जे दिलं त्यात सत्यवानाला चारशे वर्षांचं आयुष्य आहे, आणि तेही तिच्या सोबतीने. याच जन्मी, सलग, मध्ये सुट्टी न घेता. चारशे वर्षं म्हणजे जवळपास १,४६,००० दिवस. दोन वेळचं धरलं तर ‘आज भाजी काय करू?’ हा प्रश्न २,९२,००० वेळा. आणि ‘काहीही कर’ हे उत्तरही तितक्याच वेळा. सत्यवान लाकडं तोडायला गेला तेव्हा एक विनोद सांगत असेल, असं समजू. दिवसाआड सांगितला तरी सावित्रीने तो ७३,००० वेळा ऐकला. यमाशी युक्तिवाद करून जिंकलेली बाई; तिला त्या वराचा अर्थ साधारण कितव्या वर्षी लक्षात आला असेल? की सोबत म्हणजे हेच, हे तिला आधीच ठाऊक होतं? महाभारतकार इथे पुढे काही बोलत नाहीत. सात चिरंजिवांत ते स्वतःच आहेत, भेटले की विचारता येईल.

समुद्रात याहून शहाणी व्यवस्था आहे. ग्रीनलंड शार्क काही शतकं जगतो, आणि त्याची मादी वयात यायलाच दीडशे वर्षांच्या आसपास लागतात. म्हणजे पहिली दीडशे वर्षं तिच्या घरी ‘यंदा कर्तव्य आहे का’ असं विचारायला कुणी येत नाही. थंडगार पाणी, मंद पोहणं, नातेवाईक लांब. दीर्घायुष्याला अनुकूल अशी परिस्थिती मला तरी दुसरी माहीत नाही. एक जेलीफिश तर अशी आहे की फार हाल झाले की ती वाढ उलटी फिरवून पुन्हा बाल्यावस्थेत जाते. शास्त्रज्ञांना तिचं फार अप्रूप. पण पुन्हा बालवाडीचा प्रवेश, पुन्हा दहावीचं वर्ष, पुन्हा शेजारच्याच्या मुलाला किती टक्के पडले ते ऐकणं, हे त्या बिचारीला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तात्पर्य काढायला बसलो तर आमच्या आत्या हसतील, म्हणून त्यांच्याबद्दलच सांगतो. आत्या रोज दिवेलागणीला हात जोडून “आता उचल रे बाबा मला, पुष्कळ झालं” असं देवाला सांगतात, आणि लगेच “माझी बीपीची गोळी कुठे ठेवलीस गं?” असं सुनेला विचारतात. सकाळी च्यवनप्राश घेतात. म्हाताऱ्या च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी तरुण केल्याची कथा त्यांना पाठ आहे, आणि “त्याचं लग्न सुकन्येशी झालं होतं म्हणून त्याला गरज होती, मी आपली सवय म्हणून घेते” असा खुलासा त्या करतात. साधी शिंक आली तरी डॉक्टरांकडे जायचं. कधी जायचंय देवाकडे, असं विचारलं तर तारीख नक्की असते. आधी नातीचं लग्न होतं. ते झालं. मग पणतूचं बारसं. तेही झालं. मग म्हणाल्या, एवढी त्याची मुंज पाहते, की संपलं. मुंजीला अजून सात वर्षं आहेत, हे कुणीतरी लक्षात आणून दिलं तर म्हणाल्या, “असू दे. मला कुठे घाई आहे?”

मी एकदा त्यांना सरळच विचारलं, “आत्या, समजा तुम्हाला कायमचंच जगायला मिळालं तर?”

“इश्श! कायमचं कशाला? कंटाळा येईल. आणि ती समोरची पण राहील ना मग.”

“मग किती?”

त्यांनी विचार केला. “आंब्यापर्यंत.”

हा मे महिना होता आणि आंब्याच्या दोन पेट्या पलंगाखाली पिकत होत्या. मी म्हटलं, आंबे तर आलेत की.

“हे नव्हेत रे. पुढच्या वर्षीचे. देवगडच्या माणसाला पाच डझनांचे पैसे आगाऊ देऊन ठेवलेत मी. तो काही परत देणाऱ्यांतला नाही.”